चाकांवरचा जाळ

लोखंडाला लोखंड सांधण्याची कला अमुक एका माणसाने शोधली, असं नाव घेऊन सांगणारा एक फार जुना मजकूर हिरोडोटसचा आहे. लिडियाचा राजा अलियातीस, म्हणजे त्या प्रसिद्ध श्रीमंत क्रीससचा बाप, दुखण्यातून उठला आणि त्याने डेल्फीच्या देवळात चांदीचं एक मोठं भांडं वाहिलं. ते ठेवायला सोबत सांधलेल्या लोखंडाची घडवंचीही दिली. ही घडवंची खिऑस बेटावरच्या ग्लॉकसने केली होती, आणि लोखंड सांधायची विद्या जगात त्याने एकट्यानेच शोधली, असं हिरोडोटस म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा नेमका अर्थ काय, यावर अभ्यासक वाद घालतात. पण पुढे सातशेहून जास्त वर्षांनी पॉसेनिअस नावाचा प्रवासी डेल्फीला गेला, तेव्हा ती घडवंची अजून तिथे होती. त्याने लिहिलंय की खाली रुंद आणि वर निमुळती, बुरुजासारखी ती वस्तू होती, तिच्या पट्ट्यांना कुठेही खिळा किंवा रिव्हेट नव्हता, सगळं नुसत्या सांध्यावर उभं होतं. लिडियाच्या राजांनी वाहिलेल्या वस्तूंपैकी तेवढीच उरली होती. चांदीचं भांडं केव्हाच गायब झालं होतं.

मी हे वाचलं तेव्हा वेल्डिंग मशीनसाठी ट्रॉली बनवत होतो. इतिहासात नोंद झालेली पहिली वेल्डेड वस्तू म्हणजे दुसरी एक वस्तू ठेवायची घडवंची, हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं. घडवंचीला चाकं नव्हती, एवढाच काय तो फरक. ती उणीव इलियड भरून काढतं. अठराव्या सर्गात थेटिस हेफेस्टसकडे जाते तेव्हा तो लंगडा लोहार-देव घामाघूम होऊन वीस तिवया घडवत असतो. प्रत्येकीच्या पायांना सोन्याची चाकं. त्या आपल्या आपण देवांच्या सभेत जाणार आणि आपल्या आपण घरी परत येणार. फक्त कान, म्हणजे उचलायच्या कड्या, बसवायच्या राहिल्या होत्या आणि त्यांच्यासाठी तो रिव्हेट ठोकत होता. देव झाला तरी जोड रिव्हेटचाच.

वेल्डिंगचा इतिहास बहुतेक ठिकाणी तापमानाचा इतिहास म्हणून सांगतात. आधी भट्टी, मग गॅस, मग आर्क, प्रत्येक पायरीला इतके अंश वाढले. ते खरंच आहे. पण ट्रॉलीसाठी पाइप कापताना मला दुसऱ्याच प्रश्नाने धरलं. कुठल्या काळात चाकांवर नेमकं काय होतं? कारण चाकं आपण हलक्या गोष्टीला लावत नाही. त्या त्या काळात वेल्डिंगमधलं जे अवघड आणि जड होतं, तेच चाकांवर ठेवलेलं दिसतं. हा धागा धरून इतिहास पाहिला तर तो जरा वेगळा दिसतो.

भट्टीच्या काळात चाकांवर काहीच नव्हतं. जाळ एका जागी आणि काम त्याच्याकडे चालत येणार. गावचा लोहार बलुतेदार, त्याचा भाता आणि ऐरण ठरलेल्या जागी. मृगाच्या आधी कुणब्याने फाळ घेऊन यायचं, ताटकळत बसायचं, आणि सुगीनंतर खळ्यावर लोहाराचं धान्य बाजूला काढायचं. बैलगाडीचं चाकसुद्धा घरंगळत लोहाराच्या दारात यायचं, धाव चढवायला. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. सरळ पट्टी वाकवून तिची दोन टोकं चपटी करून एकमेकांवर आणायची, तो भाग भट्टीत पांढरा होईपर्यंत तापवायचा, वर वाळू किंवा टाकणखार टाकायचा आणि ऐरणीवर ठोकून एकजीव करायचा. हेच जुनं वेल्डिंग. लोखंड सुमारे १५३८ अंशांना वितळतं. इथे ते वितळवत नाहीत, तेराशेच्या आसपास आणून मऊ करतात आणि बाकीचं काम घणावर सोडतात. दिल्लीचा गुप्तकालीन लोहस्तंभ, सहा टनांहून जड, तोही असाच लोखंडाचे गोळे एकावर एक ठोकून सांधलेला आहे.

वाळू का, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. तापलेल्या लोखंडाला हवा लागली की खपली धरते आणि दोन तुकड्यांमध्ये ती खपली आली की ते जन्मात एक होत नाहीत. वाळू किंवा टाकणखार त्या खपलीशी मिळून काचेसारखा पातळ रस होतो, हवेला दूर ठेवतो आणि घण बसला की पिचकारीसारखा बाहेर उडतो. लोखंड तापवणं हा निम्मा भाग झाला. हवेला बाहेर ठेवणं हा उरलेला निम्मा, आणि माझ्या मते जास्त अवघड.

धावेचं गणित मी सहज करून पाहिलं. दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर साधारण ४.७ मीटर. धाव पाचशे अंशांनी तापवली तर घेर २८ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे जेमतेम इंचभर. तेवढ्या इंचात लाल धाव चाकावर घालून लगेच पाणी ओतायचं, ती आवळते आणि आरे, पुठ्ठे सगळे घट्ट धरते. गावातला लोहार हा इंच दोरीने आणि नजरेने मापायचा. चाकाला वेल्डिंग लागत होतं आणि वेल्डिंगला चाक लागायला अजून बरीच शतकं होती.

याला एक अपवाद आपल्याच रस्त्यांवर होता. घिसाडी. भाता, ऐरण, घण आणि संसार गाड्यावर किंवा गाढवांवर लादून गावोगाव फिरणारे लोहार. गावाबाहेर पाल पडायचं, जमिनीत छोटा खड्डा करून भट्टी व्हायची, पुरुष सांडशीने लोखंड धरून बसायचा आणि बाई उभी राहून घण घालायची. ज्या गावात लोहार नाही, किंवा आहे पण हाताखाली काम फार आहे, तिथे जाळ कामाकडे चालत यायचा. राजस्थानातल्या गाडिया लोहारांची तर ओळखच गाडीवरून. चितोड पडलं तेव्हा घराच्या छपराखाली न राहण्याची शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, अशी त्यांची परंपरा सांगते, आणि ६ एप्रिल १९५५ ला पंडित नेहरू त्यांना घेऊन समारंभपूर्वक चितोडच्या किल्ल्यात गेले होते. वेल्डिंगच्या इंग्रजी इतिहासांत ‘पोर्टेबल’ हा शब्द विसाव्या शतकात येतो. तो इतका उशिरा का येतो, याचं कारण ते इतिहास कुणी लिहिले यात आहे.

जाळाचा पहिला आधुनिक गाडा आला तो एका फसलेल्या प्रयोगातून. १८९२ साली टॉमस विल्सन हा कॅनडाचा माणूस अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या स्प्रे गावी विजेच्या भट्टीत चुना आणि डांबर तापवत होता. त्याला स्वस्तात अ‍ॅल्युमिनियम काढायचं होतं, त्यासाठी आधी कॅल्शियम हवं होतं. हाती आला एक काळपट दगड. तो पाण्यात पडल्यावर त्यातून बुडबुडे आले आणि तो वायू धुरकट पिवळ्या ज्योतीने पेटला. दगड म्हणजे कॅल्शियम कार्बाइड, वायू म्हणजे अ‍ॅसिटिलीन. अ‍ॅसिटिलीन एडमंड डेव्हीला १८३६ पासून माहीत होतं, पण आता ते डब्यात भरून नेता येणाऱ्या दगडात बंद झालं. १८९५ मध्ये ल शातेलिएने दाखवून दिलं की ऑक्सिजनबरोबर हा वायू जाळला तर ज्योत तीन हजार अंशांच्या वर जाते. पुढच्या दशकात फ्रान्समध्ये हातात धरता येतील असे टॉर्च आले. भट्टी मुठीत मावली.

मुठीत मावली, पण वायू कुठे ठेवायचा? इथे अ‍ॅसिटिलीनचा स्वभाव आड आला. साधारण एक बारच्या वर दाबलं की ते ऑक्सिजन नसतानाही आपल्या आपण फुटू शकतं. क्लोद आणि हेस या फ्रेंच जोडीने ते अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवण्याची युक्ती काढली. विरघळलेलं अ‍ॅसिटिलीन शांत बसतं. पण बाटलीतलं द्रव खाली गेलं की वर मोकळी जागा राहते आणि तिथे पुन्हा तोच धोका. म्हणून सगळी बाटली अशा एका सच्छिद्र भरावाने भरली पाहिजे की कुठेही मोकळी पोकळी उरता कामा नये, आणि तो भराव गाडीवर आदळून-आपटून भुगा होता कामा नये. असा भराव ज्याने नीट जमवला तो स्वीडनचा गुस्ताफ दालेन. त्याला अ‍ॅसिटिलीन वेल्डिंगसाठी नको होतं, दीपगृहांसाठी हवं होतं. समुद्रात एकाकी खडकांवर महिनोन्‌महिने माणसाशिवाय जळणारे दिवे. ऊन पडलं की दिवा आपोआप विझवणारी आणि अंधारलं की सुरू करणारी झडपही त्याचीच.

१९१२ च्या सप्टेंबरात अ‍ॅसिटिलीनच्या बाटल्यांची सुरक्षितता तपासतानाच स्फोट झाला आणि दालेनची दृष्टी गेली. त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. डिसेंबरात ते घ्यायला त्याचा भाऊ आल्बिन गेला. हा आल्बिन डोळ्यांचा डॉक्टर होता. दालेन त्यानंतर पंचवीस वर्षं, १९३७ मध्ये मरेपर्यंत, आगा ही आपली कंपनी चालवत राहिला. तपकिरी-लाल रंगाची अ‍ॅसिटिलीनची बाटली उभीच ठेवा, आडवी करू नका, असं गॅरेजवाला पोऱ्याला ओरडून सांगतो, तेव्हा तो तिच्या पोटातल्या अ‍ॅसिटोनबद्दल बोलत असतो. दालेनचं नाव माहीत असण्याची त्याला गरज नाही.

आपल्याकडच्या गल्ल्यांत बाटलीआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, टाकी होती. पत्र्याचं पिंप, त्यात पाणी, आत कार्बाइडचे खडे आणि शेजारी ऑक्सिजनची काळी नळकांडी, हे सगळं हातगाडीवर. मडगार्डला ठिगळ, सायलेन्सरला टाका, पितळ भरायचं असेल तर तेही. सायकलच्या दांड्यापासून उसाच्या चरकापर्यंत काहीही. आमच्या पिढीला कार्बाइड माहीत आहे ते आंबे पिकवण्याच्या बदनामीमुळे. फळांसाठी त्याच्या वापराला बंदी आहे. पण तो लसणासारखा उग्र वास आणि गॅरेजच्या बाहेर साचलेला पांढरा चुन्याचा राडा ज्यांनी पाहिलाय त्यांना ही हातगाडी वेगळी सांगायला नको. त्या काळात चाकांवर इंधन होतं. जाळ हलका झाला होता, जाळाचं अन्न जड होतं.

विजेची गोष्ट याच्या थोडी आधी सुरू होते. निकोलाय बेनार्दोस, आजच्या युक्रेनमधल्या खेर्सोन भागात १८४२ मध्ये जन्मलेला. १८८१ मध्ये त्याने पॅरिसमध्ये कार्बनच्या कांडीने आर्क पाडून धातू जोडायचं काम केलं आणि पुढे स्तानिस्लाव ओल्शेव्स्कीबरोबर देशोदेशी पेटंटं घेतली. या पद्धतीला त्याने नाव दिलं ‘एलेक्त्रोगेफेस्त’, म्हणजे विजेचा हेफेस्टस. सोन्याच्या चाकांवरच्या तिवया घडवणारा लोहार इथे परत भेटतो. विजेसाठी त्याला डायनॅमो आणि बॅटऱ्यांच्या रांगा लागत. हेफेस्टस पुन्हा एकदा लंगडाच, जागेवरून हलायला तयार नाही. बेनार्दोस १९०५ मध्ये फास्तिव गावी कंगाल अवस्थेत वारला.

कार्बनच्या जागी धातूचीच कांडी वापरायची, म्हणजे तीच वितळून सांध्यात भरेल, हे रशियात पेर्मच्या तोफांच्या कारखान्यात निकोलाय स्लाव्यानोव्हने १८८८ मध्ये करून दाखवलं. पण उघडी तार वितळते तेव्हा तिला हवा लागते आणि सांधा ठिसूळ होतो. पुन्हा तोच शत्रू. यावर तोड काढली ऑस्कर किएल्बेर्ग या स्वीडिश इंजिनिअरने. तो योटेबोर्गमध्ये जहाजांचे बॉयलर दुरुस्त करायचा. त्याने तार कार्बोनेट आणि सिलिकेटच्या लगद्यात बुडवून वाळवली. आर्क पडला की लेप जळून वायू होतो, हवेला ढकलतो, आणि वर काचेसारखी मळी धरतो. ती मळी थंड झाल्यावर हातोडीने टिचवून काढावी लागते. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये, कॉम्प्युटरच्या मुलांनासुद्धा, दोन पट्ट्या जोडायला लावतात. तिथे ही मळी टिचवताना ‘हा कचरा कशाला’ असं आम्ही विचारलं होतं आणि ‘जर्नलमध्ये लिहा’ असं उत्तर मिळालं होतं. तो कचरा म्हणजे लोहाराची वाळू आहे. किएल्बेर्गने ती कांडीवर थापली एवढंच. १९०४ मध्ये त्याने काढलेल्या कंपनीचं नाव एसाब, आणि त्या रॉड आजही आपल्याकडे दुकानात मिळतात.

काम जाळाकडे न नेता जाळ कामाकडे नेण्याची ताकद किती, हे १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात दिसलं. युद्ध सुरू झाल्यापासून जर्मन जहाजं तिथे अडकून पडली होती. अमेरिका युद्धात उतरणार हे दिसताच खलाशांनी इंजिनांची मोडतोड केली. नेमकी ओतीव लोखंडाची प्रचंड सिलिंडरं फोडली, कारण ती बदलणं सर्वांत कठीण. हिशेब चोख होता: असली सिलिंडरं नव्याने ओतून, कातून, बसवायची तर वर्ष-दीड वर्ष जाणार. फाउंड्रीचा विचार करणाऱ्या माणसाचा तो हिशेब होता. अमेरिकन नौदलाने सिलिंडरं जागेवरून काढलीच नाहीत. विजेच्या केबली जहाजाच्या पोटात नेल्या आणि तिथेच ठिगळं वेल्ड केली. वर्ष संपायच्या आत ती जहाजं फ्रान्सकडे सैनिक वाहू लागली. त्यातल्या ‘कैसर विल्हेल्म दुसरा’ या जहाजाचं नवं नाव ठेवलं ‘अ‍ॅगॅमेम्नॉन’. इलियड काही पाठ सोडत नाही. घातपात करणाऱ्यांचं लोखंडाचं ज्ञान पक्कं होतं. जाळाला आता पाय फुटलेत, एवढंच त्यांच्या हिशेबात आलं नव्हतं.

एक शाखा इथे उल्लेखापुरती. रूळ जोडायला ना गॅस लागतो ना वीज. हान्स गोल्डश्मिटने १८९० च्या दशकात आणलेली थर्मिट पद्धत, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची पूड आणि लोखंडाचा गंज एकत्र पेटवायचा, अडीच हजार अंशांचा लोखंडी रस रुळांच्या फटीत ओतायचा. पिशवीत भरलेला जाळ. आपली रेल्वे आजही हे करते आणि सामान अनेकदा रुळांवरच्या ढकलगाडीवरून नेते.

भारतात रिव्हेट बराच काळ टिकला. १९४३ मध्ये खुला झालेला हावडा ब्रिज रिव्हेटचा आहे. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत ‘शेनेक्टेडी’ हे नवंकोरं वेल्डेड तेलवाहू जहाज धक्क्याला उभं असतानाच दुभंगलं, पण ते प्रकरण पोलादाच्या ठिसूळपणाचं आहे, चाकांचं नाही. मुंबईत अडवाणींनी स्विस ऑर्लिकॉनबरोबर १९५१ मध्ये रॉडची कंपनी काढली. पुढच्या काही दशकांत गावागावांत बोर्ड लागले: ‘येथे ग्रील, गेट, शटर बनवून मिळेल.’ ‘लोहार’ हा शब्द त्या बोर्डावर नव्हता. ‘फॅब्रिकेशन’ होता. आयटीआयमध्ये एक वर्षाचा वेल्डर ट्रेड केला की कुठल्याही आडनावाचा मुलगा दुकान टाकू शकत होता. लोखंड जोडायचं काम जातीच्या भट्टीतून सुटलं, आणि ते सुटण्यात शाळेइतकाच त्या बोर्डाखाली उभ्या असलेल्या मशीनचा हात होता. तेलात बुडवलेला ट्रान्सफॉर्मर, हिरव्या किंवा निळ्या रंगाची लोखंडी पेटी, शंभर किलोंच्या वर वजन, पुढे चाकवायचं हँडल आणि खाली चार ओतीव चाकं. हा गाडा खडखडत गल्लीत आला आणि घरातले बल्ब लुकलुकायला लागले की कुणाच्या तरी गेटचं काम निघालंय हे कळायचं. आता चाकांवर इंधन नव्हतं, तांबं आणि लोखंड होतं.

ट्रान्सफॉर्मर इतका जड का, याचं उत्तर ५० या आकड्यात आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. गाभ्यातलं लोखंड किती लागणार हे वारंवारितेच्या व्यस्त प्रमाणात ठरतं. हेलकावे वाढवा, गाभा लहान करा. ही गोष्ट पुस्तकात शतकभर होती, पण शेकडो अँपिअर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करील असा स्विच नव्हता. तो अर्धवाहकांनी दिला. इन्व्हर्टर मशीन आतल्या आत विजेचे सेकंदाला काही दहा-हजार हेलकावे करतं. वारंवारिता हजारपट म्हणून गाभा हजारपट लहान होत नाही, कारण एवढ्या वेगाला लोखंडी पत्रे चालत नाहीत, फेराइट लागतं आणि त्याची चुंबकीय कुवत कमी. तरी शंभर किलोंचे आठ किलो झाले. खांद्याला पट्टा अडकवून शिडीवर चढता येतं. रॉडने काम करणाऱ्याला आता चाकं लागत नाहीत.

मग मी ट्रॉली कशाला बनवत होतो? सिलिंडरसाठी. पातळ चौकोनी पाइप जोडायला मी मिगचं मशीन घेतलं. त्यात तार आपोआप पुढे सरकते, मळी नाही, आणि हवेला दूर ठेवायला अरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण नळीतून येतं. म्हणजे लोहाराची वाळू, किएल्बेर्गचा लेप, आणि आता ही बाटली. नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये ४७ लिटर जागा, त्यात १५० बार दाबाने सात घनमीटर वायू, भरलेलं वजन साठ किलोंच्या घरात. सात घनमीटर अरगॉनचं वजन मात्र अकरा-बारा किलो. उरलेलं सगळं पोलाद, ते अकरा किलो वायू एका जागी धरून ठेवायला. शेवटी चाकांवर काय उरलं, तर ना जाळ, ना इंधन, ना तांबं. हवा दूर ठेवणारी दुसरी हवा.

ट्रॉली घरीच का बनवायची, याचं आमच्या धंद्यातलं उत्तर सोपं आहे. नवा कंपायलर लिहिला की त्याने पहिल्यांदा स्वतःला कंपाइल करून दाखवावं अशी रीत आहे. तसंच हे. मशीन जमिनीवर ठेवून त्याच मशीनने त्याचा गाडा करायचा. एक इंची चौकोनी पाइप, दोन मिलिमीटर जाडीचा, खाली चेकर्ड प्लेट, मागे दोन मोठी पक्की चाकं, पुढे दोन फिरणारे कॅस्टर. मशीनचा कप्पा मागे थोडा कललेला, म्हणजे उभ्याने आकडे दिसतात. केबल गुंडाळायला दोन्ही बाजूंना आकडे. बाकी सगळं आवडीनिवडीचं. आवडीनिवडीचं नाही ते एकच: सिलिंडर. त्याचा गुरुत्वमध्य तळापासून सत्तर सेंटिमीटरवर, प्लेट जमिनीपासून दहा सेंटिमीटर उंच, म्हणजे एकूण ऐंशी. मागच्या चाकांमधलं अंतर ४५ सेंटिमीटर ठेवलं तर नुसत्या सिलिंडरच्या हिशेबाने गाडा सोळा अंशांना बाजूला उलटतो. सोळा अंश म्हणजे एक चाक साडेबारा सेंटिमीटरने उचललं गेलं की संपलं. शेडच्या उंबऱ्याची उंची मी त्यानंतर मोजली. चाकं साठ सेंटिमीटरवर नेली, आणि सिलिंडरला एक नाही, दोन साखळ्या लावल्या, एक कमरेला, एक खांद्याला. पडलेल्या सिलिंडरची झडप तुटली तर १५० बार त्या बोटभर भोकातून बाहेर पडतात आणि साठ किलो पोलाद भिंत बघत नाही.

मागची चाकं मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाली. तेलाच्या एका ट्रान्सफॉर्मरची ओतीव चाकं. विकणाऱ्याने पेटी फोडून तांबं केव्हाच वेगळं विकलं होतं, तेल कुणी नेलं त्यालाच ठाऊक. चाकांना गिऱ्हाईक नव्हतं. किलोच्या भावाने दिली.

फॅब्रिकेशनच्या दुकानांनी घिसाड्यांचं बरंच काम नेलं, पण सगळं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं. ज्याला धार लागते ते जोडून भागत नाही, ते तापवून, ठोकून, पुन्हा पाणी पाजूनच करावं लागतं. म्हणून ऊसतोडीच्या आधी साताऱ्याकडे रस्त्याकडेला अजून पालं दिसतात. सरकारी यादीत भटक्या जमाती ‘ब’ या रकान्यात त्यांचं नाव आहे. ट्रकचे जुने पाटे तोडून त्यांचे कोयते होतात. भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आलाय, घण मात्र अजून बाईच्याच हातात असतो. गेल्या वर्षी पाहिलेल्या एका पालाशेजारी गाड्याऐवजी जुना तीनचाकी टेम्पो उभा होता. त्याच्या फाळक्याला कुणीतरी ताज्या वेल्डिंगचे टाके मारले होते, आणि आत हौद्याच्या मधोमध ऐरण ठेवलेली होती, घाटात घसरू नये म्हणून दोन साखळ्यांनी बांधलेली.